मत नंतर सांग

त्या शनिवारी सुचिताने एका अनोळखी माणसाला अगदी ठामपणे चुकीची माहिती दिली.

सीवूड्सच्या मॉलमधला सकाळी साडेनऊचा शो. तिकीट खिडकीवर तिच्या पुढे एक उंच, सावळा तरुण उभा होता आणि या मराठी सिनेमाला सबटायटल्स आहेत का, असं विचारत होता. खिडकीतल्या बाईंना ते माहीत नव्हतं. सिनेमाचा विषय निघाला की सुचिताला गप्प राहणं जमायचं नाही. ती पुढे झाली.

"आहेत ना. ट्रेलरला होती, म्हणजे सिनेमाला असणारच."

त्याने तिच्याकडे पाहिलं... डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तेही जरुरीपेक्षा क्षणभर जास्तच. मग मान डोलावून त्याने तिकीट घेतलं. बघतोय काय असा, असं मनात म्हणत सुचिताने मुद्दाम त्याच्यापासून चार रांगा मागची सीट निवडली.

सुचिता बोनकोड्याची. वय सव्वीस. महाप्याच्या एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करायची. पाच दिवस लोकांचं ऐकून घ्यायचं आणि शनिवारी आपण बोलायचं, असा तिने स्वतःपुरता नियम केला होता. 'सुचिताचं मत' या तिच्या पेजवर अकरा हजार लोक होते. तिची मतं पक्की असायची. सिनेमा दोन तास दहा मिनिटांत संपला पाहिजे. मध्यंतराआधी नायकाची आई मरता कामा नये. पडद्यावरची माणसं घास न घेता नुसता चमचा फिरवत असतील, तर त्या दिग्दर्शकावर विश्वास ठेवू नये. दर जानेवारीत ती येणाऱ्या सिनेमांची यादी टाकायची. कोणते पहिल्याच दिवशी बघणार आणि कोणते फुकट दाखवले तरी नाही, हे कारणांसकट.

सिनेमा सुरू झाला. सबटायटल्स नव्हती. तिच्या हे लक्षातही आलं नाही, कारण तिला त्यांची गरज नव्हती. मध्यंतराला तो तरुण पाठीला बॅग अडकवून बाहेर पडताना दिसला, तेव्हा तिने मागून विचारलं, "काय, आवडला नाही?" तो थांबलाच नाही. सुचिताला हे लागलं. ती भराभरा चालत त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तेच पुन्हा विचारलं.

"तुम्ही म्हणालात सबटायटल्स आहेत," तो शांतपणे म्हणाला. "नाहीयेत. आणि मला ऐकू येत नाही."

त्याचा आवाज सरळ एका पट्टीत होता, कुणी वाचून दाखवावं तसा. सुचिताचा चेहरा उतरला. तिने जे पहिलं मनात आलं ते सांगून टाकलं. त्याने खाली कॉफीच्या दुकानात तासभर थांबावं. उरलेला सिनेमा ती बघून येईल आणि सगळा सांगेल. तो हसला आणि हो म्हणाला.

तासाभराने ती त्याच्या समोर बसली आणि सुरू झाली. उत्तरार्धात दिग्दर्शक कसा घसरलाय, पार्श्वसंगीत कसं उगाच छातीवर बसतं... त्याने हात वर केला.

"मत नंतर सांगा. आधी काय झालं ते सांगा."

सुचिताला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने पुन्हा सुरुवात केली. कोण आलं, कोण काय बोललं, कोण रडलं. गोष्ट नुसती सांगायची, मध्ये आपण डोकवायचं नाही, हे तिला फार जड गेलं. खुनी कोण ते सांगायच्या आधीच तो म्हणाला, "नायिकेचा दीर, ना? पहिल्या सीनपासून तो तिच्याकडे बघायचं टाळतोय."

तिने चाट पडून त्याच्याकडे पाहिलं. शेवटपर्यंत तिला तो ओळखता आला नव्हता.

त्याचं नाव सौरभ. नववीत असताना मेंदूज्वर झाला आणि त्यात त्याचे दोन्ही कान गेले. बोलणं मात्र राहिलं. वडील रावसाहेब आणि तो असे दोघंच नेरूळला राहत. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात तो रस्त्यांचे नकाशे काढायचा. सिनेमा त्याला फार आवडायचा, पण नव्या सिनेमांबद्दल त्याचा प्रश्न नेहमी एकच... सबटायटल्स आहेत का?

पुढच्या आठवड्यापासून हा प्रश्न सुचिताने स्वतःकडे घेतला. ती थिएटरांना फोन लावायची, निर्मात्यांना मेसेज टाकायची, उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडायची नाही. कधी उत्तर 'आहेत' असं यायचं आणि दोघं शेजारी बसून सिनेमा बघायचे. कधी 'नाहीत' यायचं; मग ती एकटी बघायची आणि कॉफीच्या दुकानात त्याला गोष्ट सांगायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तिच्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा सुचिताने विचारलं, "मटण चालतं ना तुला?" त्याने दचकून आपल्या शर्टाकडे पाहिलं आणि एकेक बटण तपासलं. मग त्यानेच खुलासा केला, की ओठांवर प, ब, म ही अक्षरं एकसारखीच दिसतात. बटण आणि मटण म्हणजे तर जुळी भावंडं. सुचिताची आई पुतळाबाई हसता हसता खाली बसली. सौरभला पुतळाबाईचं बोलणं सुचितापेक्षाही चटकन कळायचं. ती तोंड भरून, मोकळं बोलायची.

"मावरा पन हाय," ती माशांच्या कालवणाकडे बोट दाखवत म्हणाली. "जेवल्याबिगर जायाचा नाय."

सुचिताचा सगळ्यात आवडता सिनेमा जुना होता. रेल्वेचा एक फाटकवाला आणि रोज सायकलवरून त्या फाटकातून शाळेत जाणारी मास्तरीण, यांची गोष्ट. फाटकवाला अख्खा सिनेमा गप्प असतो आणि शेवटी चार मिनिटं बोलतो. ते भाषण सुचिताला तोंडपाठ होतं. त्या सिनेमाला सबटायटल्स नव्हती, म्हणून तीन आठवडे राबून तिने प्रत्येक वाक्य स्वतः टाइप केलं आणि एका रविवारी सौरभला लॅपटॉपवर तो दाखवला. संपल्यावर ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"छान आहे," तो म्हणाला. "पण शेवटचं भाषण काढलं तरी चालेल."

"काय?"

"तिला आधीच कळलंय. ती सायकलवरून उतरते ना, ते बघ."

सुचिता रागावली. दोन दिवस तिने त्याला मेसेज केला नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर तोच सिनेमा लावला आणि आवाज बंद केला. बंद फाटकापाशी मास्तरीण सायकलवरून उतरते, हे तिला माहीत होतं. पण एकदा फाटक उघडं असतं... आणि ती तरीही उतरते. अकरा वेळा बघूनही सुचिताला हे दिसलं नव्हतं.

डबा तसाच राहिला. महाप्याहून बोनकोडे जवळ. ऑफिस सुटलं की पंधरा मिनिटांत घरी पोचता येतं. तरी गेले दोन महिने ती आठवड्यातून तीनदा उलट्या दिशेची बस पकडून बेलापूरला जात होती. याला काय म्हणायचं, ते तिला त्या दुपारी कळलं.

पण ते सांगायच्या आधीच तिच्या हातून चूक झाली.

जानेवारीत येणाऱ्या सिनेमांची यादी करताना तिला वाटलं, यंदा काहीतरी महत्त्वाचं बोलावं. तिने कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं, की तिचा एक मित्र आहे, बेलापूरला नकाशे काढतो, त्याला ऐकू येत नाही, आणि एका शनिवारी तो मध्यंतराला उठून गेला. सबटायटल्स नसतील तर यातला एकही सिनेमा त्याच्यासाठी येणारच नाही. बोलताना तिचा आवाज भरून आला होता. नाव तिने घेतलं नाही. त्याचा पाठमोरा फोटो मात्र टाकला.

चार दिवसांत तो व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. एका निर्मात्याने आपल्या नव्या सिनेमाचे सबटायटल्स असलेले शो जाहीर केले. सुचिता हरखून गेली. सौरभचा मेसेज आला तो दोनच ओळींचा. "हा मी आहे. मला विचारलं नाहीस." त्यानंतर काहीच नाही.

अकरा दिवस गेले. पुतळाबाईने एकदा विचारलं, "तो पोऱ्या येत नाय गो आताशी?" सुचिता मोरीत हात धुवायला गेली. त्या दिवशी तिने व्हिडिओ काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

तो बाहेर आला, तिला पाहून थांबला. तिने माफी मागितली. समोर उभं राहून, सावकाश, एकदाच. सारवासारव केली नाही.

मग त्याने जे झालं ते सांगितलं. सहा वर्षं त्या ऑफिसात तो रस्त्यांचे नकाशे काढणारा सौरभ होता. व्हिडिओनंतर लोक त्याच्याशी तोंड वेडंवाकडं करून, सावकाश बोलू लागले. तसं बोललं की उलट काहीच कळत नाही. साहेबांनी तर त्याला त्रास नको म्हणून जागेवरच्या पाहणीला न्यायचं बंद केलं.

"मग?" तिने विचारलं.

"मग मी साहेबांशी भांडलो. उद्यापासून जातोय." तो किंचित हसला. "त्या सिनेमाचे शो होणार आहेत ना?"

"होणार आहेत. आणि व्हिडिओ मी काढून टाकलाय."

"शो होतायत ते चांगलं झालं. मला राग आला, तेही खरं. दोन्ही खरं आहे."

मग नेहमीसारखे ते मेट्रोत बसले. बेलापूरहून निघायचं, पेंधरपर्यंत जायचं आणि परत यायचं. डब्यात उजेड भरपूर, गोंगाट कमी, आणि समोरासमोरची बाकं, म्हणून बोलायला ही जागा त्यांनीच शोधून काढली होती. पण त्या संध्याकाळी गर्दी होती आणि दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली. शेजारी बसलं की त्याला तिचे ओठ दिसत नसत.

खारघरला बरीच माणसं उतरली. बाहेर अंधारून आलं होतं. सौरभ समोर बघत होता. याला आत्ता काही कळणार नाही, या भरवशावर सुचिताने धीर केला. मान न वळवता, अगदी हळू, ती म्हणाली, "तू मला आवडतोस. फार आवडतोस. शनिवारपासून पुन्हा सिनेमाला येशील ना?"

शेजारून काहीच हालचाल झाली नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं, थोडं वाईटही वाटलं. मग तिने समोर पाहिलं. समोरच्या काळ्या काचेत दोघांचे चेहरे स्वच्छ दिसत होते, आणि त्या काचेतून तो तिच्याकडेच बघत होता.

तिचे कान तापले. तिने झटकन तोंडावर हात धरला.

सौरभने तो हात हळूच बाजूला केला, आणि सोडला नाही.

"इकडे बघून सांग," तो म्हणाला.

"कळलंय तुला."

"कळलंय. तरी सांग."

तिने त्याच्याकडे वळून, त्याला एकेक अक्षर दिसेल असं, पुन्हा सांगितलं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी ऐकलं असावं. त्या गालात हसत फोनमध्ये बघू लागल्या. या वेळी सुचिताने आवाज कमी केला नाही.

"मलाही तू आवडतेस," तो त्याच्या त्या सरळ आवाजात म्हणाला. "त्या फाटकवाल्याइतका वेळ लावणार नव्हतो मी, पण मध्ये तुझा तो व्हिडिओ आला." मग जरा थांबून, "आता हे मी बाबांना सांगणार, तू आईला सांग. तीन लाख लोकांना नको."

"कुणालाच नाही," सुचिता म्हणाली. "तुला विचारल्याशिवाय."

घरी जेवायला येणं वेगळं आणि लग्नाचं बोलणं वेगळं; दोन्ही घरी हे एवढं सोपं जाणार नव्हतं, हे दोघांना ठाऊक होतं. पेंधर आलं. दोघं उतरले आणि परतीच्या गाडीसाठी पलीकडच्या फलाटाकडे निघाले. जिन्यात तो एक पायरी वर राहून, तिच्याकडे तोंड करून उलटा चढत होता, आणि घरी आधी काय सांगायचं ते सुचिता त्याला सांगत होती.