एकसष्ट सालचा गिलावा

नव्या हळदपेठेत भिंतीला खिळा ठोकला तर तो तिसऱ्या दिवशी खाली पडतो. भोक बुजत येतं, खिळा बाहेर ढकलला जातो आणि भिंत होती तशी होते. परगावचे लोक ही गंमत बघायला येतात, खिशात खिळे घेऊनच येतात. पेठेतल्या माणसांना त्याचं आता काही वाटत नाही. कॅलेंडर कुठं लावायचं, एवढीच त्यांची तक्रार असते, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

खरं तर हा सगळा घोटाळा कॅलेंडरावरूनच झाला.

साल २०७१. कृष्णाकाठच्या सोनपूर गावातली हळदपेठ म्हणजे दगडचुन्याच्या साठ-सत्तर दुमजली इमारती. खाली हळदीची दुकानं, वर राहती घरं. पेठेच्या मागं चाळीस मजली मनोरे उभे राहत होते आणि सरकारचा नियम मोठा गोड होता: जुन्या इमारती पाडायच्या नाहीत. पण त्याच्या पोटात दुसरा नियम होता, तो तितका गोड नव्हता. ज्या इमारतीला जीवचुना चढेल ती राहील. जिचा मालक नको म्हणेल ती धोकादायक ठरवून उतरवली जाईल. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

जीवचुना शोधून काढला होता पुण्याच्या डॉ. अद्वय हेर्लेकरनं. वय छत्तीस, बोलणं भरभर, आणि आपल्या शोधावर पोटच्या पोरासारखी माया. प्रत्येक घरी तो स्वतः जायचा आणि समजावून सांगायचा. माणूस चांगला होता हो. त्यात काही खोट नव्हती.

तेजस्विनी बिरनाळे, म्हणजे पेठेच्या तेजूअक्का, अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी त्याला पाट दिला नाही, हळदीच्या पोत्यावर बसवलं.

"बसा की डॉक्टर. माणसांचं का जनावरांचं?"

"भिंतींचा, अक्का."

"मग बरं हाय. पेशंट पळून जायचा न्हाई. सांगा आता, काय करतासा माझ्या घराला?"

अद्वयनं नेहमीची सुरुवात केली. चुना भिंतीला लावला की तो हवेतला कर्बवायू ओढून घेतो आणि हळूहळू त्याचा दगड बनतो. ज्या वर्षी चुना लावला त्या वर्षीची हवा त्यात कायमची अडकते. आणि प्रत्येक वर्षीची हवा वेगळी असते. विसाव्या शतकात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेतला किरणोत्सारी कर्ब एकदम वाढला, पुढं दरवर्षी थोडा थोडा उतरला. त्यामुळं चुन्याचा चिमूटभर कण तपासला की तो कुठल्या सालचा ते कळतं.

"म्हंजे भिंतीनं घेतलेला श्वास अजून आत हाय म्हणा की."

"अगदी तसंच. आणि त्या श्वासावर साल लिहिलेलं आहे. माझे जीवाणू ते वाचतात. आपण त्यांना एक साल द्यायचं, त्याला आम्ही मूळरेषा म्हणतो. त्या सालापर्यंतचा चुना ते जपतात, चिरा बुजवतात, दगडासारखा घट्ट करतात. त्या सालानंतरचा चुना मात्र विरघळवतात. तोच त्यांचा कच्चा माल. नव्यातला काढून जुन्याला घालायचा."

"खातात म्हणा की नव्याला."

"खातात."

"आनी एकदा सांगितलेलं साल बदलता येतंय?"

"नाही. एकदा भिंतीत गेले की तीच रेषा कायमची. म्हणून तर साल घरच्यांना विचारतो. आमची काही अट नाही, अक्का. तुम्ही म्हणाल ते साल."

तेजूअक्कांनी मागच्या खोलीकडं बघितलं. आता त्यांनी तिकडं का बघितलं ते सांगायला हवं.

तेहतीस वर्षांपूर्वी कृष्णेला मोठा पूर आला. पेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागलं. पाणी उतरलं, पण भिंती वाळायला उन्हाळा उजाडावा लागला. दुकानाच्या मागच्या खोलीतला वरचा गिलावा सगळा ढासळला होता आणि गवंडी मिळत नव्हता. अख्ख्या गावाच्या भिंती एकदम पडल्यावर गवंडी कुठला मिळतोय! तेव्हा तेजूअक्कांचे यजमान, श्रेणिक बिरनाळे, यांनी स्वतः चुना कालवला. कीड लागू नये म्हणून त्यात दोन पायली हळद ओतली. थापी पुरात वाहून गेली होती म्हणून हातानंच लिंपलं. जन्मात कधी हे काम केलं नव्हतं. सगळ्या भिंतीवर बोटांचे वळसे उमटले, कुठं उंच, कुठं सखल. दमून एकदा त्यांनी भिंतीला हात टेकला, तो पंजा खांद्याच्या उंचीवर तसाच राहिला. बायको हसली तेव्हा म्हणाले, "हस, हस. तुझ्या चपात्यांपेक्षा गोल हाय." त्याच श्रावणात ते गेले. एकेचाळिसाव्या वर्षी, दुकानात, वजनकाट्याशेजारी.

तेव्हापासून तेजूअक्का रोज सकाळी त्या पंजावर आपला पंजा ठेवायच्या आणि मग दुकान उघडायच्या. फोटो ढीगभर होते. पण फोटोवर हात ठेवला की काचच लागते.

आणि आता हा पुण्याचा डॉक्टर विचारत होता, जुनं काय ते सांगा. बत्तीस वर्षांचा गिलावा कुणी जुना म्हणेल का? हसतील. कागद परत पाठवतील. शेजारच्या मगदुमांची पत्र्याची माडी सरकारच्या जतन समितीनं 'अलीकडची' म्हणून काढून टाकली होती, ते अक्कांच्या मनात बसलं होतं. मगदुमांनी साल सांगितलंच नव्हतं आणि माडीही पत्र्याची, चुन्याची नव्हे. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी ठरवलं, जास्त बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं.

त्यांनी डॉक्टरला मागच्या खोलीत नेलं.

"हा गिलावा ऱ्हायला पायजे. पुरानंतर मालकांनी घातलेला. एकोणीसशे एकसष्टच्या पाडव्याला. बगा, लिवलंय बी."

कोपऱ्यात खिळ्यानं ओढलेली अक्षरं होती: पाडवा १९६१.

इथं दोन शब्दांनी घात केला. सोनपुरात बायको नवऱ्याला मालक म्हणते. पुण्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर घर, तो. अद्वयला वाटलं, घराचा त्या वेळचा कुणी धनी असेल. आणि हळदपेठेचं साल पाडव्याला सुरू होतं. नव्या हळदीचा पहिला सौदा पाडव्याला, पोत्यांवर साल शकाचं, जन्म-लग्नं शकाची. इंग्रजी साल फक्त लाइटबिलावर. 'शके' हा शब्द पेठेत कुणी उच्चारतही नाही, जसे तुम्ही-आम्ही 'इसवी सन' म्हणत बसत नाही. शके एकोणीसशे एकसष्ट म्हणजे इसवी सन दोन हजार एकोणचाळीस. पण पुण्याच्या माणसाला एकसष्ट म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? पूरच. पानशेतचं धरण फुटलं ते साल. तिकडं मुठेला आला तसा इकडं कृष्णेलाही आला असेल, पाडवा दिवाळीचा असेल, त्याच्या मनात आलं, आणि सगळं जुळलं.

त्याच्या पिशवीत तपासणीचं यंत्र होतं. भिंतीचा कण खरवडून त्यात टाकायला तीन मिनिटं लागतात. पण साल समोर लिहिलेलं होतं, घरची बाई तोंडानं सांगत होती, आणि त्या दिवशी अजून सहा घरं उरली होती.

"एकसष्ट," तो लिहीत म्हणाला. "छान. शंभरावर वर्षं झाली की. राहील, अक्का. हजार वर्षं राहील."

शंभर कसली? अक्कांना ते खटकलं. पण शिकलेल्या माणसाचा हिशेब आपल्यासारखा नसतो, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. उलट त्यांना आनंदच झाला. डॉक्टरला त्यांनी जाताना हळदीची पुडी दिली आणि अंगठा उठवला.

जीवचुना भिंतीत मुरायला चाळीस दिवस लागतात. तोवर भिंती ओल्या कापडानं झाकलेल्या असतात आणि आत कुणी जायचं नसतं. अक्का त्या दिवसांत लेकीकडं राहिल्या. जावयाला म्हणाल्या, "माझ्या मालकांचा हात आता हजार वर्सं." जावयानं विचारलं, कोण बघणार हजार वर्षं? अक्का म्हणाल्या, "मी मेल्यावर कुणी का बघेना. हाय, एवढं बास."

एक्केचाळिसाव्या दिवशी अद्वय स्वतः आला. कापड काढण्याचा क्षण त्याला फार आवडायचा. दर्शनी भिंत उघडली, वरची माडी उघडली. कमानी नव्यासारख्या दिसत होत्या. अक्का थांबेनात. "मागची, मागची काढा आधी."

मागचं कापड खाली आलं. भिंत पांढरी होती. सपाट, गुळगुळीत, पांढरी. आणि तिच्या पायथ्याशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळ्या भुकटीची रास पडली होती. जीवाणू चुना खातात. हळद त्यांच्या कामाची नव्हती.

अक्का खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी हळद गोळा करायला लागल्या.

"अक्का, हे... एकसष्टचा गिलावा जायलाच नको होता." अद्वयनं घाईघाईनं यंत्र काढलं, चिमूटभर भुकटीत चुकून राहिलेला चुन्याचा कण शोधला. तीन मिनिटं. आकडा आला. २०३९. त्यानं पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"अक्का, तुमचे मालक म्हणजे कोण?"

"मालक म्हंजे कोण, काय इचारतासा? मालक म्हंजे मालक. पोरीचा बाप."

मग सगळं उलगडलं. पाडवा, शक, पूर, मगदुमांची माडी. अद्वय पोत्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. "तुम्ही बत्तीस वर्षांपूर्वीचं म्हणाला असता तरी मी लिहिलं असतं हो. काहीच अडचण नव्हती. काहीच!"

"मला काय ठावं? मला वाटलं हसशीला."

"माझी चूक आहे. मी विचारायला हवं होतं."

"तुमची कसली? मीच लबाडी केली. जुनं वाटावं म्हणून गप ऱ्हायले." त्यांनी डोळे पुसले, तर गालाला हळद लागली. "लय जपायला गेले बगा."

अद्वयकडं इमारतीची सगळी मापं होती, केसाइतक्या बारकाईची. त्यावरून यंत्रानं तसाच गिलावा, तसाच पंजा पुन्हा घालता आला असता. तो तसं म्हणालाही. मग त्यालाच आठवलं की नवा चुना या भिंतीवर आता आठवडाभरही टिकणार नाही, आणि तो मधेच थांबला. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्यात त्यांचा हात कुठनं यायचा?"

तेवढ्यात दोघांनाही ते दिसलं. श्रेणिकच्या गिलाव्याखालून जो जुना गिलावा वर आला होता, त्यात डावीकडं, कमरेच्या उंचीवर, एक पंजा उमटलेला होता. लहानखुरा, जाड बोटांचा. जीवचुन्यानं त्याची रेघ न् रेघ ठळक केली होती. यंत्र म्हणालं, १८९४. कुणी गवंडी असेल, उठताना भिंतीला हात लागला असेल. सरकारच्या नोंदवहीत त्याचं नाव नव्हतं. कुणाच्याच वहीत नव्हतं.

बिरनाळ्यांच्या इमारतीला त्या वर्षी जतनाचं पहिलं बक्षीस मिळालं. अद्वय समारंभाला गेला नाही. पुढं तो प्रत्येक घरात कण तपासूनच साल लिहायचा, आणि घरच्या बायकांना दोनदा विचारायचा, "मालक म्हणजे कोण?" लोक त्याला हसायचे.

पाडव्याला तो सोनपूरला आला. दुकान उघडं होतं. मागच्या खोलीत अक्का उकिडव्या बसून त्या परक्या पंजावर बोटानं हळद भरत होत्या. शेजारी डबा होता, भिंतीच्या पायथ्याची ती हळद.

"हे काय, अक्का?"

"असंल कुणाचा तरी मालक." त्यांनी करंगळी भरली. "त्याची बी कुणीतरी असंल. ती मेली, तिला वळखणारं बी मेलं, आनी हात तेवढा ऱ्हायला. माझ्या मालकांस्नी वळखणारी मी अजून हाय, तर तो न्हाई. किती टिकंल म्हनालासा हा?"

"हजार वर्षं."

"आनी हळद?"

"तीन दिवस. भिंत बाहेर टाकेल."

"ते मला ठावं हाय. चौथ्या दिवशी झाडते आनी परत लावते."

अद्वयनं डब्यात डोकावून बघितलं. दर वेळी झाडताना थोडी हळद फरशीच्या फटीत जात असावी. डबा निम्म्याच्या खाली आला होता.