हालिमची टकटक

सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावर एक लहानशी मरीना आहे. समोर खाडीसारखा अरुंद समुद्र, त्यापलीकडे मलेशियाचा काठ. तिथल्या अगदी टोकाच्या तरंगत्या धक्क्याला निशिकांत प्रधानची शिडाची बोट बांधलेली असायची, आणि निशिकांत त्या बोटीतच राहायचा. हौसेमौजेपुरता नाही, कायमचा. बँकेतून वेळेआधी निवृत्ती घेऊन, जुरोंग ईस्टचा कॉन्डो विकून तो इथं आला, त्याला आता काही वर्षं झाली होती.

बोट घेतली तेव्हा बायको, मीनलही बरोबर राहणार होती. पहिले काही महिने राहिलीसुद्धा. मग पुण्याला तिच्या आईचं आजारपण निघालं, ती गेली, आई बरी झाली, आणि मीनल काही परत आली नाही. भांडण असं झालंच नाही. फोनवरचं बोलणं हवापाण्यावर आलं, मग सणावारांवर आलं, एवढंच. मुलगी क्षिप्रा नवऱ्याबरोबर शहरातच, सेंगकांगला राहायची. ती दर रविवारी फोन करून एकच म्हणायची, "बाबा, enough lah. आमच्याकडची खोली रिकामीच पडलीय."

"इथं मला कामं काय थोडी आहेत का?" निशिकांत म्हणायचा.

कामं खरंच होती. सकाळी उठून पायाखालची फळी उचलायची, बोटीच्या पोटात किती पाणी साचलंय ते बघायचं, पंप चालू होतोय ना ते तपासायचं. बॅटरीच्या टोकांवर चढलेला हिरवा थर पुसून व्हॅसलीन लावायचं. नळी ओढत आणून पिण्याच्या पाण्याची टाकी भरायची, संडासाची टाकी उपसून घ्यायची. कपाटांच्या आतून बुरशी धरते, ती व्हिनेगरने पुसायची. समुद्रावरच्या घरात रोज काहीतरी गंजतं, काहीतरी गळतं. निशिकांतला ते आवडायचं. हात गुंतलेले असले की दिवस आपोआप मावळतो.

एक काम तेवढं त्याच्या हातचं नव्हतं. तळाचं. इथल्या कोमट पाण्यात बोटीच्या तळावर शेवाळ चढतं, त्यावर खड्यासारखे टणक शिंपले धरतात, आणि महिन्या-महिन्याला पाणबुड्याने खाली जाऊन ते खरवडून काढावे लागतात. हे काम हालिम करायचा. तो यायच्या दिवशी निशिकांत मुद्दाम आत बसून राहायचा. आधी खालून दोनदा आवाज यायचा. टक, टक. आलोय, असं सांगितल्यासारखा. निशिकांत हातातल्या चमच्याने लाकडी जमिनीवर दोनदा वाजवायचा. मग खर्र… खर्र… असा तो आवाज बोटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायचा. आपल्या घराखाली कुणीतरी आपल्यासाठी राबतंय, या कल्पनेनं त्याला बरं वाटायचं. काम झालं की हालिम वर येऊन धक्क्यावर पाय सोडून बसायचा, आणि दोघं चहा घ्यायचे. बोलणं मोजकंच. टकटकीचा विषय कधी निघाला नाही. त्यात बोलण्यासारखं होतं तरी काय?

त्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि सुमात्राच्या जळत्या जंगलांचा धूर येऊन सिंगापूरवर बसला. हेझ दर काही वर्षांनी येतोच, पण तेव्हाचा हलायलाच तयार नव्हता. भर दुपारी सांजावल्यासारखं व्हायचं. पलीकडचा मलेशियाचा काठ पुसला गेला होता. पाणी निपचित, तेलकट, आणि सगळीकडे ओलं लाकूड धुमसत असल्याचा वास. शेजारच्या बोटीतलं ऑस्ट्रेलियन जोडपं फुकेतकडे निघून गेलं. मरीनाच्या ऑफिसातली माणसं मास्क लावून दारं बंद करून बसली. हालिमच्या कानाचं ऑपरेशन झाल्यामुळे दोनेक महिने तोही आला नव्हता. "जमलं की दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो, अंकल," असं म्हणाला होता.

अशाच एका दुपारी निशिकांत बॅटरीचं काम आटोपून हात पुसत होता. तेवढ्यात खालून आवाज आला.

टक, टक.

त्याचा चेहरा उजळला. क्षिप्राचा रविवारचा फोन सोडला, तर कितीतरी दिवसांत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यानं हातातला पाना जमिनीवर दोनदा आपटला आणि लगबगीनं चहाचं आधण ठेवलं. खाली खरवडणं सुरू झालं. पण नेहमीसारखा आवाज सरकेना. पुढच्या केबिनमध्ये त्याचा बिछाना होता, बरोबर त्याच्याच खाली तो एका जागी चालला होता. नवा माणूस असेल, त्याची रीत वेगळी असेल, असं म्हणून निशिकांत दोन कप घेऊन बाहेर आला.

धक्क्यावर कुणाच्या चपला नव्हत्या. सामानाची पिशवी नव्हती. पाण्यावर बुडबुडे नव्हते. तो वर आला त्याच क्षणी खरवडणंही थांबलं होतं. निशिकांत पाण्याकडे बघत उभा राहिला. चहावर साय धरली. धुरात कुठूनतरी एक पक्षी ओरडला आणि गप्प झाला. शेवटी दोन्ही कप ओतून देऊन तो आत आला.

टक, टक.

त्यानं हालिमला मेसेज टाकला: तुझा माणूस येऊन गेला का? उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. मासे असतील, असं निशिकांतनं स्वतःला सांगून पाहिलं. तळावरचं शेवाळ खायला मासे येतात, कोळंब्यांची चटचट तर कायमचीच. पण त्यानं तीनदा वाजवलं, तर खालून तीनदा उत्तर आलं. त्यानं थांबून चारदा वाजवलं, तर खालूनही तेवढाच वेळ थांबून, चारदा.

खरं तर त्याच वेळी त्यानं बॅग भरायला हवी होती. त्यानं तसं केलं नाही. उलट दुपारचं जेवण हॉकर सेंटरमध्ये घाईघाईनं उरकून तो परत यायला लागला. बिछान्यावर आडवा व्हायचा आणि बोटांच्या पेरांनी भिंतीवर वाजवायचा. खाली पाठीला टेकल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. मध्ये फक्त बोटीचा पातळ तळ. मग हळूहळू तो बोलायलाही लागला. मीनलबद्दल, तिच्या फोनबद्दल, जे फोन आता येत नव्हते त्यांच्याबद्दल. तो बोलत असला की खरवडणं थांबायचं. तो गप्प झाला की परत सुरू व्हायचं.

भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा ते बंद पडेल याचीच धास्ती त्याला जास्त वाटायला लागली होती.

हालिमचा फोन आला तेव्हा निशिकांत केबिनच्या मधल्या भागात चहा गाळत होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"सॉरी अंकल, गावी गेलो होतो, तुमचा मेसेज आज बघितला. मी कुणाला पाठवलं नाही. असल्या हेझमध्ये पाण्यात उतरायला कोण तयार होणार? मरीनावालेसुद्धा परवानगी देत नाहीत."

"पण इथं रोज कुणीतरी…"

पुढच्या केबिनमधून आवाज आला. खर्र… खर्र…

पलीकडे हालिमनंही तो ऐकला. मग म्हणाला, "तो आवाज कसला, अंकल?"

"तोच तर सांगतोय. रोज येतो. आधी ठोकतो. तुझ्यासारखाच दोनदा."

"माझ्यासारखा म्हणजे?"

"तू नाही का कामाला लागायच्या आधी ठोकत? टक, टक. मग मी वरून वाजवतो…"



"अंकल," तो अगदी हळू म्हणाला, "मी कधीच ठोकलं नाही."

"अरे, इतकी वर्षं…"

"पाण्याखाली असताना आमच्यातलं कुणीही ठोकत नाही. माझ्या आजोबांनी मला पहिलं शिकवलं ते हेच. ठोकायचं नाही… आणि कुणी ठोकलं तर उत्तर द्यायचं नाही." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तुम्ही उत्तर देत होतात… दर वेळी?"

निशिकांतच्या हातातली गाळणी तशीच राहिली. खरवडणं थांबलं होतं.

टक, टक.

या वेळी तो काही वाजवून बसला नव्हता. तो हललाही नाही. मग पुन्हा, जरा जोरात. टक, टक. आवाज पुढच्या केबिनमधून निघाला होता आणि आता सरकत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बिछान्याखालून दाराशी आला, दारातून ओट्याखाली. निशिकांतच्या पायांखाली येऊन थांबला. तळव्यांना तो ठोका लागला. खालच्या तळावरून नाही. ज्या फळीवर तो उभा होता, त्या फळीच्याच खालच्या बाजूने, बोटीच्या आतून.

"अंकल… बाहेर या," हालिम म्हणत होता. "काही उचलू नका. काही बोलू नका… बाहेर या."

निशिकांत जिना चढून धक्क्यावर आला तो अनवाणीच. धूर इतका दाट होता की मरीनाचं ऑफिसही दिसत नव्हतं. पाण्यावर एक लाट नव्हती. तो वळून बोटीकडे बघत असताना बोटीचं नाक हळूच खाली गेलं, दोर ताणले गेले, आणि ती तशीच राहिली. त्या हालचालीची त्याला ओळख होती. पुढच्या बिछान्यावर कुणी आडवं झालं की बोट एवढीच झुकायची.

तो टॅक्सीनं सेंगकांगला गेला. क्षिप्रानं दार उघडलं, त्याच्या पायांकडे बघितलं, आणि काही न विचारता त्याला आत घेतलं. त्या रिकाम्या खोलीत तो पहिले काही दिवस नुसता झोपला. चौथ्या की पाचव्या दिवशी मीनलचा फोन आला. क्षिप्रानं तिला कळवलं असावं. दोघं बराच वेळ बोलली. "तू ये," असं कुणीच म्हणालं नाही, पण फोन ठेवायची घाईही कुणी केली नाही.

पाऊस पडला, हेझ गेला. बोट विकायचं निशिकांतनं ठरवलं. विकण्याआधी ती बाहेर काढून तळ दाखवावा लागतो, म्हणून एका लख्ख सकाळी यार्डातल्या क्रेनने तिला पट्ट्यांत धरून पाण्याबाहेर उचललं. हालिम आला होता. क्षिप्रानंही सुट्टी काढली होती. तिला बाबांनी सगळं सांगितलं होतं.

पाणी निथळत होतं. सगळा तळ शेवाळानं काळा पडलेला, शिंपल्यांनी खडबडीत झालेला. इतक्या महिन्यांत जेवढी वाढ व्हायची तेवढी झाली होती. हालिम वाकून पुढच्या भागाखाली गेला आणि तिथंच थबकला. निशिकांत त्याच्या मागे गेला.

बिछान्याच्या बरोबर खाली एक जागा स्वच्छ होती. शिंपले नव्हते, शेवाळ नव्हतं, निळा रंगसुद्धा घासून गेला होता. खालचं पांढरं फायबर घासून गुळगुळीत, चकचकीत झालेलं. वर गोल, मग निमुळतं, मग रुंद, मग लांब. लहानखुऱ्या बांध्याचं कुणीतरी तळाला पाठ लावून पडून राहावं, तेवढी ती जागा होती.

"बाबा, चला," क्षिप्रा मागून म्हणाली. "चला ना."

हालिम मात्र त्या जागेकडे बघत नव्हता. त्याची नजर शेजारच्या भागावर होती. तिथं, जेमतेम वीतभर अंतर सोडून, दुसरी जागा खरवडलेली होती. ताजी. कडांवर फुटलेल्या शिंपल्यांचा चुरा अजून चिकटून होता. ही पहिलीपेक्षा बरीच लांब होती. हालिमनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि मग मान वळवून तसंच, डोक्यापासून पायांपर्यंत, निशिकांतला पाहिलं.

काम जवळजवळ संपत आलं होतं. पावलांपुरती जागा तेवढी राहिली होती.