सेल संपला

दिवा राहू दे तसाच, बारीक. ही माझ्या साडूची गोष्ट, त्यानेच शपथेवर सांगितलेली. अकरा डिसेंबर, बुधवार, रात्रीचे पावणेनऊ.

साडू एका दवाखान्याची यंत्रं सांभाळायचा. घरी पडून असलेल्या रुग्णाच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा, गादीखाली वजन कळणारी चटई, दोन्ही बिनतारी. खिडकीतली पेटी त्यांची खबर दूरच्या डॉक्टरांना कळवायची. माणूस भला, पण आळस हाडीमाशी मुरलेला. रात्री एखादा पट्टा गप्प झाला की हा पठ्ठ्या अंथरुणातूनच मोबाइलवर ‘सेल संपला’ असं नोंदवून कूस बदलायचा. दहातल्या नऊ वेळा ते खरंही निघायचं.

त्याआधीच्या सोमवारी रात्री अशाच एका रुग्णाचा, म्हाताऱ्या मास्तरांचा, पट्टा असाच गप्प झाला. सकाळी मास्तर गेलेले.

बुधवारी साडू सामान परत आणायला गेला. दार मास्तरांच्या मुलाने उघडलं. मनगटावर नखांचे ताजे ओरखडे.

“लवकर आटपा हो.”

साडूने पट्ट्यातला सेल काढून तपासला. पूर्ण भरलेला! म्हणजे पट्टा कोणीतरी ओढून काढला होता, आणि आपण घोरत पडलो होतो. त्याने सेल गुपचूप खिशात टाकला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बिनसेलाचा पट्टा सांगत होता, ठोके एकशे चाळीस. रिकामी गादी सांगत होती, एकसष्ट किलो.

मास्तरांचं वजन.

“गादीवर… कोणीतरी आहे.”

“डोकं फिरलंय का तुमचं?” मुलाने तणतणत गादीला हात घातला.

आणि तो आडवा आपटला. उशी उठली. त्याच्या तोंडावर बसली. पाय झाडले, पलंगाची फळी मोडली. नखं भिंतीवर घासून उलटली, रक्ताचे ओघळ आले. साडूने उशी दोन्ही हातांनी ओढली. तसूभर हलेना.

उशीखालून मुलाचा दबलेला आवाज आला, “बाबा… चुकलो… उशी काढा…”

मान कडकन मोडली.

मोबाइलवर एकशे पंचेचाळीस किलो. दोघांचं.

मग… चौऱ्याऐंशी. एकट्या मुलाचं.

उरलेले एकसष्ट किलो गादीवरून उतरले होते.

साडू पळाला. तेव्हापासून आडवा होतच नाही, खुर्चीत बसून रात्र काढतो. आडवं झालं की छातीवर कोणी बसतं म्हणतो. सेल मात्र माझ्याकडे दिलाय. चार वर्षं झाली.

हा घे. मूठ मीट.

गरम लागतोय ना?

…नुसता गरम नाही. गप्प बस, आणि ठोके मोज.