अठ्ठावीस मात्रा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की माझा सूर तुटतो, आणि गोष्टही.

मी संगीत महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते. विषय बासरी. वर्गातले तास सगळ्यांचे एकत्र असायचे, पण आठवड्यातून एकदा प्रत्येकानं नेमून दिलेल्या शिक्षकाच्या घरी जाऊन एकट्यानं शिकायचं. वर्षअखेरीस त्या शिक्षकाची सही मिळाली तरच परीक्षेला बसता यायचं. माझ्या वाट्याला आलेल्या बाईंनी तरुणपणी मोठमोठ्या मैफली गाजवल्या होत्या म्हणे. आता त्या साठीच्या, काटकुळ्या, केस घट्ट बांधलेल्या. गुरुवार, दुपारी तीन, तिसरा मजला.

खोलीत दोन खुर्च्या, कागद ठेवायचा स्टँड आणि त्यामागे एक बंद दार. राखाडी रंगाचं, खाली बोटभर फट असलेलं.

"आत काय आहे, बाई?" मी पहिल्याच दिवशी सहज विचारलं.

"अडगळ. तू दाराकडे तोंड करून उभी राहा. सूर तिकडे छान घुमतो."

त्यांनी मला एकच सूर धरायला सांगितला. टेबलावर बोट आपटत त्या मात्रा मोजत होत्या. अठ्ठावीसला माझा दम संपला.

"एवढ्या दमाची मुलगी फार वर्षांनी आली," बाई म्हणाल्या. बोलताना त्या माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होत्या.

मी हवेत तरंगत घरी गेले. पुढच्या गुरुवारी चोवीस भरल्या. मग एकोणीस. दोन महिन्यांत मी बारावर आले, आणि बाई दर वेळी म्हणायच्या, "छान चाललंय." माझ्या पाठोपाठ आमच्याच वर्गातली एक मुलगी यायची. गोरी, गुटगुटीत, म्हणून आम्ही तिला गोबरी म्हणायचो. तिचे गाल हळूहळू बसत चालले होते. जिन्यात भेटली की कठड्याला धरून धापा टाकत असायची.

आणखी एक गोष्ट खटकायची. बाई स्वतः कधीच वाजवून दाखवत नसत. चूक झाली की तोंडानं सांगायच्या, फार तर बोटं धरून दाखवायच्या. बासरी मात्र ओठाला नाही.

माझ्या बाबांचं सायकलच्या पंक्चरचं दुकान होतं. एका संध्याकाळी मी दुकानाच्या दोन पायऱ्या चढले आणि मटकन खाली बसले. बाबा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघत होते.

"काय गं? आजारी आहेस?"

"नाही. दम पुरत नाही. रोज रियाज करतेय, तरी कमीच होतोय."

बाबांनी ट्यूब बाहेर काढली. "हवा कमी होते तेव्हा दोनच कारणं असतात, पोरी. एक तर भोक पडलंय, नाहीतर कुणीतरी मुद्दाम सोडतंय. तुला भोक पडलेलं नाही. कॉलेजात घेतानाच डॉक्टरनं तपासलंय." मग ते नेहमीसारखे हसले. पण मी हसले नाही.

त्या गुरुवारी मी बासरीच्या मोकळ्या टोकाला शिवणाचा एक धागा चिकटवून नेला. बाईंना दिसला, पण त्यांनी नेहमीसारखं टेबलावर बोट आपटायला सुरुवात केली. मी सूर धरला. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. धागा आधी नुसता लोंबत होता. मग तो हळूहळू उचलला गेला, आडवा झाला आणि दाराच्या दिशेनं ताठ उभा राहिला, जणू कुणी पलीकडून टोक धरून ओढत होतं. स्टँडवरचे कागदही तिकडेच झुकले. आणि माझ्या सुराच्या खाली मला दुसरा आवाज ऐकू आला... कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, मन लावून. तहानलेला माणूस भांडं तोंडाला लावतो तसं.

मी थांबले. तो आवाजही थांबला.

"थांबू नकोस," बाई कुजबुजल्या.

खरं सांगते, मी घाबरले होते. पण भीतीच्या वर आणखी एक गोष्ट चढली होती. राग. बाबांनी तेलकट हातांनी जमवलेल्या पैशांतून आणलेली बासरी, माझी फुप्फुसं, माझा रियाज, आणि पिणारा कोण तर दारामागचा कुणीतरी! मी अंगातला स्वेटर काढला, दाराखालच्या फटीत कोंबला आणि दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले. तशीच बसून सूर धरला. बाई मोजत नव्हत्या, म्हणून मी मनातल्या मनात मोजल्या. वीस. पंचवीस. अठ्ठावीस. तीस!

माझ्या पाठीमागे दार आत ओढलं गेलं. धडका नाहीत, ओरखडे नाहीत. नुसतं लाकूड आतल्या बाजूला वाकलं, करकरलं, आणि पुन्हा सरळ झालं.

"तो स्वेटर काढ..." बाई खुर्चीतून उठल्या होत्या. "काढ गं... त्याला मिळत नाहीये..."

"कुणाला?"

"मला माहीत नाही." त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा याच खोलीत शिकायला यायचे. माझ्या मास्तरांनी मला दाराकडे तोंड करून उभं केलं. दहा वर्षांत माझ्यात काही उरलं नाही. मास्तर गेले, घर मला देऊन गेले. मग ते माझ्याच अंगातून ओढायला लागलं... झोपेतसुद्धा. कुणीतरी समोर उभं राहिलं की मला सोडतं."

"म्हणून आम्हाला उभं केलंत."

"सही देते तुला. आत्ता देते. पुन्हा येऊ नकोस, पण आज ते कापड काढ."

"आणि गोबरी? ती खाली जिन्यात बसली असेल."

बाई टेबलाच्या खणात पेन शोधायला लागल्या.

मी उठले. स्वेटर लाथेनं बाजूला सारला आणि कडी काढली. बाई ओरडल्याही नाहीत. त्यांनी फक्त डोळ्यांवर हात घेतले.

आत अडगळ नव्हती. काहीच नव्हतं. कपाटाएवढी खोली, खिडकी नाही, भिंती ओलसर आणि उबदार. तोंडाच्या आत असतं तसं. वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलेल्या बासरीचा असतो तसा वास. अंधार माझ्या तोंडाकडे सरकला आणि माझ्या ओठांवरून वारा आत खेचला जायला लागला. छाती रिकामी होत चालली होती.

"असं होय?" मी म्हटलं. "ओढता मलाही येतं."

बासरी शिकणारा फुंकायला नंतर शिकतो, आधी श्वास घ्यायला शिकतो. पोटापासून, बरगड्या फुगवून, खांदे न उचलता. मी तसा श्वास घेतला. आधी काहीच आलं नाही. मग समोरचं काहीतरी सैल झालं आणि यायला लागलं. गार, शिळं, खूप जणांच्या तोंडातलं. माझं होतं तेवढं आलं तरी मी थांबले नाही. कानात घंटा वाजत होत्या, डोळ्यांपुढे काळं झालं, तरी मी घेत राहिले. शेवटी त्या खोलीत साधी, कोंडलेली हवा उरली आणि भिंती गार पडल्या.

मी बासरी उचलली आणि निघाले. जिन्यात गोबरी होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल घरी. आज तास नाही." दुसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा वरून एक सूर ऐकू आला. फाटका, थरथरता, जेमतेम चार मात्रांचा. मग पुन्हा तोच. बाई वाजवत होत्या.

त्यांनी आम्हा दोघींच्या फॉर्मवर सह्या करून ते कॉलेजात पाठवले आणि त्या घर विकून निघून गेल्या. परीक्षेत मी धरलेला सूर ऐकून परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी हात वर करून मला थांबवलं. तेव्हापासून आजपर्यंत मी एक दिवसही बासरी खाली ठेवलेली नाही. कुणासाठी ठेवणारही नाही.

फक्त गेल्या महिन्यातलं एक सांगायचं राहिलं. नोकरीसाठी तपासणी होती. डॉक्टर नवखा होता, मला पहिल्यांदाच बघत होता. त्यानं पाठीवर नळी लावली आणि म्हणाला, "मोठा श्वास घ्या. सोडा. बोलू नका."

"मी बोलत नाहीये," मी म्हटलं.

त्यानं नळी सरकवून पुन्हा लावली. बराच वेळ ऐकत राहिला. मग ती कानातून काढली आणि माझ्या समोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"खरं सांगा," तो हळू आवाजात म्हणाला, "बासरी शिकणारी माझी ताई मला घरी काय म्हणून हाक मारायची... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"