सात नंबरचा दाता

प्रयोगशाळेच्या कपाटाचं दार निखळलं. ते तिथं संशोधन करणाऱ्या मुलीच्या पायावरच पडायचं, पण कुणीतरी वरच्यावर झेललं. झेलणारा सुतार होता आणि आला होता त्याच दारासाठी.

“माझ्यासाठीच थांबलं होतं म्हणायचं,” तो म्हणाला.

“तीन आठवडे थांबलंय. उशीर तुम्हीच केलात.”

झालं! कपाट एक, बिजागऱ्या चार, आणि काम चाललं सहा दिवस… एवढ्यात अख्खं घर उभं राहिलं असतं. पण घाई होती कुणाला? तो रंधा मारता मारता विचारायचा, ती मान वर न करता सांगायची.

“दिवसभर त्या काचेच्या तबकड्यांत बघता काय?”

“लिव्हर. अर्धं कापलं तरी पुन्हा भरून येतं. आजारी माणसाचं मात्र येत नाही. का, ते शोधतेय.”

तबकड्यांतल्या पेशी लिव्हर दान करणाऱ्यांच्या होत्या. दात्याचं नाव कुणालाच ठाऊक नसे. फक्त नंबर आणि तारीख. दाता ओळखीचा निघाला तर मोजणाऱ्याचा हात झुकतो, म्हणून तो नमुना बाद, असा कडक नियम. त्यात सात नंबर तिचा भारी लाडका. बाकीच्या पेशी चार दिवसांत मान टाकायच्या, या पठ्ठ्याच्या गोठवणीतून काढल्या की महिनाभर वाढत राहायच्या. तिचा दोन वर्षांचा प्रबंध त्याच्यावरच उभा होता.

सहाव्या दिवशी फळी उचलताना त्यानं पोटाला हात लावला. सदरा वर सरकला आणि लांबलचक व्रण दिसला.

“दुखतंय?”

“नाही हो, सवय. मावशीला अर्धं लिव्हर दिलंय, तिनंच वाढवलं मला. डॉक्टर म्हणतात, सगळं भरून आलं. मावशी म्हणते, अक्कल तेवढी भरायची राहिली.”

ती खुदकन हसली. “कधी झालं ऑपरेशन?”

“दोन वर्षं झाली. इथंच, शेजारच्या इस्पितळात. एकोणतीस फेब्रुवारी… वाढदिवस करायचा तर चार वर्षं थांबायला हवं.”

तिच्या हातातली तबकडी खाली पडली.

एकोणतीस फेब्रुवारीचा नमुना एकच होता, सात नंबर. रोज सकाळी जिला आधी बघायचं ती तबकडी कुणाची, तर या समोरच्या, केसांत भुसा अडकलेल्या माणसाची!

त्यानं तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि सदरा खाली ओढला. “किळस वाटली ना… वाटते लोकांना.” ती काय बोलणार? दात्याला सांगायलाही बंदीच. तो हत्यारं गोळा करून निघून गेला.

ती गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, तासभर तिनं तोही विचार केला. मग उठून तिच्या मार्गदर्शक बाईंच्या खोलीत गेली.

“बाई, सातचा दाता मला कळलाय.”

बाईंचा चष्मा हातातच राहिला. “अगं, तुझा अख्खा प्रबंध त्याच्यावर…”

“हो.”

“सांगितलं नसतंस तर?”

“तर मी खोटं मोजलं असतं. माझा जीव जडलाय त्याच्यावर.”

बाईंनी यादीतल्या सातवर रेघ मारली. “दोन वर्षं मागे गेलीस, पोरी,” एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी ती त्याच्या कारखान्यात गेली. तो चौकट तासत होता.

“मला किळस वाटली नव्हती.”

“मग चेहरा का उतरला?”

“ते सांगता येत नाही.”

“आज?”

“कधीच.”

रंधा थांबला. “ऑपरेशनच्या आधी मी एका कागदावर सही केली होती,” तो सावकाश म्हणाला. “एक तुकडा संशोधनाला द्यायचा म्हणून…”

ती चौकटीवरचा भुसा झटकू लागली.

त्यानं रंधा खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही दोन वर्षं रोज… मला…”

“मी काहीही म्हटलेलं नाही.”

“नाही, नाही… तुम्ही काहीच म्हटलेलं नाही.” त्याचे कान लालबुंद झाले होते. “मग सांगता येण्यासारखं काही आहे का तुमच्याकडे?”

“एक आहे,” ती म्हणाली. “मला तुम्ही आवडता. हे कुणालाही सांगा.”