न फुटलेले दोन कप

माणूस बोटीच्या केबिनमध्ये पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याची मागची बाजू शिल्लकच नव्हती. रक्त भिंतीवर, पलंगाखाली, थेट छताला लागलं होतं. आग लागली तर वापरायची लाल दांड्याची कुऱ्हाड शेजारीच पडली होती.

"बाई, तुम्ही इथं काय करताय?" कॅप्टन खेकसला.

"तीस वर्षं पोलिसात काढलीत मी. मढं बघून घेरी येत नाही मला," मावशी म्हणाली आणि साडीचा काठ उचलून आत शिरली.

निवृत्त होऊन तिला दोनच महिने झाले होते. भाची आणि भाचेजावयानं हट्टानं तिला तीन दिवसांच्या सफरीला आणलं होतं. स्वस्तातली सफर. बोट मावशीच्याच वयाची, आणि मावशीसारखीच चालताना कुरकुरणारी. आणि आता तोच भाचेजावई खाली कोठारात डांबलेला होता. खलाशांनी पकडताना त्याला असा बुकलला होता की एक डोळा पार मिटला होता. बारा वाजता बंदर येणार होतं आणि कॅप्टन त्याला खुनी म्हणून पोलिसांच्या हवाली करणार होता. भाची रडून रडून अर्धी झाली होती. पोटात पाचवा महिना.

"पुरावा काय?" मावशीनं विचारलं.

"काल रात्री जेवताना त्यानं याची कॉलर धरली. सगळ्यांनी पाहिलंय. आणि हे बघा." कॅप्टननं टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावर चहाचे दोन भरलेले कप. एका बशीत शर्टाचं निळं बटण. "तुमच्या जावयाचंच आहे. सकाळी माफी मागायच्या निमित्तानं आला, चहा प्यायला बसला आणि घातला घाव."

कॉलर धरली हे खरंच होतं. मेलेला माणूस या बोटीचा जुना कॅप्टन. आता पाहुणा म्हणून आला होता. जेवणाच्या टेबलावर तो मावशीच्या शेजारीच बसला होता. समुद्र तेव्हापासूनच खवळायला लागला होता. भांडी घसरू नयेत म्हणून बाकीच्या टेबलांवर नव्या वेटरांनी रबरी चटया अंथरल्या होत्या. यांच्या टेबलावर मात्र पिकल्या केसांच्या हेडवेटरनं टेबलक्लॉथवर चक्क पाणी शिंपडलं होतं.

"अहो, आमच्या बाह्या भिजल्या!" मावशी ओरडली होती.

"सवय झालीय, बाई," असं हसून म्हणत तो सूप आणायला आत गेला होता.

मग दोन पेग पोटात गेल्यावर जुना कॅप्टन सांगत सुटला. पंधरा वर्षांपूर्वी याच बोटीच्या स्वयंपाकघरात आग लागली. त्यानं लोखंडी दार बाहेरून लावून घेतलं. "आत तीन-चार माणसं होती म्हणा. पण बोट वाचली की नाही?" आणि तो खदाखदा हसला.

जावई अग्निशमन दलातला. लोकांना आगीतून बाहेर काढणं हेच त्याचं काम. त्याचं डोकंच फिरलं. "त्यांची नावं तरी आठवतात का रे तुला?" असं म्हणत त्यानं कॉलर धरली. खुर्च्या उलथल्या. हेडवेटर सूप घेऊन बाहेर आला तेव्हा लोक दोघांना ओढून बाजूला करत होते.

मावशी केबिनमध्ये वाकून बघत राहिली. फळीवरची सगळी पुस्तकं खाली पडली होती. तिनं एक उचललं. खालची बाजू रक्तानं चिंब, वरची कोरी. कोपऱ्यात घड्याळ फुटून पडलं होतं. सहा वीसला थांबलेलं.

"सहा वीसला काय झालं होतं?"

"मोठी लाट आली. मीसुद्धा पलंगावरून पडलो," कॅप्टन म्हणाला.

मावशीनं टेबलक्लॉथवर तळहात टेकवला. मग तो पदराला पुसला आणि बाहेर पडली.

कोठारात जावई भिंतीला टेकून बसला होता.

"जावईबापू, बटण कधी तुटलं?"

"रात्री झोपताना हिच्या लक्षात आलं. जेवणाच्या हॉलमध्येच पडलं असणार."

"सकाळी त्याच्या केबिनमध्ये गेला होतात?"

"नाही, मावशी. आईशप्पथ."

"बटण रात्रीच तुटलं होतं असं बायकोनं सांगितलं तर कॅप्टन विश्वास ठेवणार नाही. बघू."

हेडवेटर हॉलमध्ये काटे-चमचे पुसत होता.

"सकाळी त्या साहेबांना चहा तुम्ही दिलात?"

"छे हो. वादळात कुणालाच दिला नाही. खोलीत किटली असते, ज्याचा तो करून घेतो. मी तिकडं फिरकलोच नाही."

"किती वर्षं झाली बोटीवर?"

"बावीस. जुन्यांतला मी एकटाच उरलोय."

दहा वाजता मावशीनं कॅप्टनच्या खोलीत चहा मागवला. भाची शेजारी बसली होती. लाटा पुन्हा उठल्या होत्या, बोट डुलत होती. आधी एक नवी वेटर आली. इकडंतिकडं रबरी चटई शोधली, मिळाली नाही, तशी ट्रे हातातच धरून उभी राहिली.

"राहू दे गं. हेडवेटरना पाठव," मावशी म्हणाली.

हेडवेटर आला. क्लॉथ सरळ केला, तांब्यात बोटं बुडवली, पाणी शिंपडलं, तळहातानं थोपटलं आणि कप मांडले. बोट कलंडली. कॅप्टनची टोपी, पेन, नकाशे सगळं खाली गेलं. कप जागचे हलले नाहीत.

"आता ऐका, कॅप्टन," मावशी म्हणाली. "पुस्तकं रक्तावर पडली, म्हणजे खून सहा वीसच्या आधी झाला. त्या लाटेनं खोलीतलं झाडून सगळं खाली आलं, पण भरलेले दोन कप जागेवर! का? तर तिथला क्लॉथ भिजवलेला होता, आणि ओल्या कापडावरून कप घसरत नाहीत. मघाशी हात लावला तेव्हाही ओलाच होता. माझ्या जावयानं आयुष्यात पहिल्यांदा बोट पाहिलीय, त्याला ही युक्ती कुठून माहीत? नव्या वेटरांनाही नाही. यानं दोन कप मांडले, पाहुणा आला होता असं भासवायला. हॉल झाडताना सापडलेलं बटण बशीत ठेवलं. फक्त हाताची सवय आडवी आली. कप फुटले असते ना दादा, तर मी हात चोळत बसले असते."

हेडवेटर पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी त्यानं ट्रेमधली पावाची सुरी उचलली, भाचीचे केस धरून मान मागं ओढली आणि पातं गळ्याला लावलं. रक्ताचा एक थेंब तिच्या झंपरवर ओघळला. कॅप्टन उठला तसा तो किंचाळला, "बस खाली! कापीन हिला!"

"त्या आगीत तुझं कोण होतं?" मावशीनं विचारलं.

"भाऊ. धाकटा. दारावर थापा मारत होता आतून. मी बाहेर होतो. दोघांनी मला धरून ठेवलं होतं. त्या कॅप्टननं कडी काढूच दिली नाही. काल बोटीवर चढला आणि मलाच विचारतो, माशाचं काय आहे आज! ओळखलंसुद्धा नाही मेल्यानं!"

"आणि अडकवलास कुणाला? काल ती कॉलर कशासाठी धरली होती, माहितीय तुला?"

"दारूची भांडणं. रोजच होतात."

"मावशी, सांग त्याला," भाची घशातल्या घशात म्हणाली.

"आत कोंडून मारलेल्यांची नावं तरी आठवतात का, असं विचारलं त्यानं. तुझ्या भावासाठी धरली ती कॉलर, शहाण्या! बोटीवरच्या दोनशे लोकांत एकट्या त्यानं. आणि तू त्याच्याच बायकोच्या गळ्याला सुरी लावून उभा आहेस. पोटुशी आहे ती."

हेडवेटरच्या हातातली सुरी खाली पडली. मग तो मटकन जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच थोबाड फोडून घ्यायला लागला. धावत आलेल्या खलाशांनी हात धरले तेव्हा कुठं थांबला.

मावशीनं भाचीला पोटाशी धरलं. "रडू नकोस गं बाई, झंपर धुऊन निघेल," ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

बंदर दिसायला लागलं तेव्हा हेडवेटरला खाली नेत होते आणि जावयाला वर आणत होते. अरुंद जिन्यात दोघं समोरासमोर आले. हेडवेटरची मान वर होईना.

जावयानं सुजलेल्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "काय नाव होतं भावाचं?"

हेडवेटरनं नाव सांगितलं. पंधरा वर्षांत त्याला ते पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.