परात आणि बंडोपंतांची हजेरी

समोर नवी इमारत उभी राहिल्यापासून तितिक्षाच्या घरातलं नेटवर्क रोज संध्याकाळी चपात्यांच्या वेळेला जायचं. भाकरी असली तरी जायचं. फक्त भात असेल त्या दिवशी मात्र टिकायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी यावर खोल विचार केला आणि दोष पिठात आहे असं ठरवून गव्हाचा नमुना तपासायला पाठवला. तो अजून परत आला नव्हता.

या सगळ्यात जीव टांगणीला लागला होता तो बंडोपंतांचा. बंडोपंत म्हणजे घरचे जुने यंत्रमानव. त्यांची बॅटरी म्हातारी झाली होती, त्यामुळे ते हॉलच्या कोपऱ्यात, प्लगला वायर लावूनच जगायचे. वायर पोचेल तेवढंच त्यांचं जग. भाजी चिरायची, तितिक्षाची वेणी घालायची आणि सहा ते सातच्या दरम्यान त्यांना बनवणाऱ्या कंपनीला नेटवर्कवरून हजेरी पाठवायची. हजेरी सारखी चुकत राहिली, तर कंपनी माणूस पाठवून यंत्रमानवाची स्मृती कोरी करत असे. आजची हजेरी चुकली, की उद्या माणूस येणार होता.

“उद्या मला तुझी वेणी आठवणार नाही,” बंडोपंत भेंडी चिरत म्हणाले. “तू पालीला घाबरतेस हेही नाही. भेंडीही आठवणार नाही, तेवढंच त्यातल्या त्यात बरं.”

तितिक्षाला हसू आलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आत कुंदाआत्या कणीक मळत होती. आत्या तरंगांवर संशोधन करायची. दिवसभर प्रयोगशाळेत झटून ती घरी आली, की सोसायटीतले लोक तिच्याकडे टीव्हीचे रिमोट दुरुस्तीला आणायचे. त्यात आज आई गावाला गेली होती.

“आत्या, परात दिवसभर कुठे असते?”

“घासून गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवलेली.”

“भाताच्या दिवशी?”

“तिथेच. कशाला हलवायची?”

“आणि चपात्यांच्या वेळी?”

आत्याचे हात थांबले. ती पिठाच्या हातांनीच स्टुलावर बसली. “इतकी वर्षं संशोधन केलं,” ती म्हणाली, “आणि घरी येऊन नेटवर्क मळत बसले.”

मग तिने दमलेल्या आवाजात समजावलं. “आपलं नेटवर्क अतिउच्च वारंवारितेचं (सेकंदाला अब्जावधी वेळा थरथरणाऱ्या तरंगांचं) आहे. माहिती पुष्कळ वाहून नेतं, पण नाजूक. जुने रेडिओचे तरंग लांबलचक होते, अडथळ्याला वळसा घालून यायचे. हे तरंग जेमतेम काही मिलिमीटरचे. उजेडासारखे सरळ जातात आणि मध्ये भिंत आली की संपले.”

“माझ्यासारखेच,” बंडोपंत हॉलमधून म्हणाले. “वायर संपली की संपलो.”

“पूर्वी टॉवरचा झोत थेट हॉलमध्ये यायचा. नव्या इमारतीने ती वाट अडवली. आता तो गॅलरीवरून तिरका निघून जातो. परात त्याला आत वळवत होती. त्याला परावर्तन (पृष्ठभागावर आपटून दिशा बदलणं) म्हणतात.”

“कॅरममध्ये सोंगटी आड लपली की आपण स्ट्रायकर कडेवर मारतो, तसं?”

“अगदी तसं. ज्या कोनात आपटायचं, त्याच कोनात सुटायचं.”

साडेसहा वाजून गेले होते. ओट्यावर जागा नव्हती, म्हणून कणकेचा गोळा बंडोपंतांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं मत कोणी विचारलं नाही. परात पुसून कठड्यावर उभी केली. नेटवर्क आलं नाही.

“कोन चुकतोय,” आत्या म्हणाली. “आणि तो मोजत बसायला वेळ नाही.”

तितिक्षाने थोडा विचार केला. मग ती बंडोपंतांच्या अँटेनाला गाल टेकवून बसली. “उजेडाचाही नियम तोच ना? मी इथून परातीत बघते. तू फिरव. मला टॉवर दिसला की थांब.”

आत्या फिरवू लागली.

“पाण्याची टाकी दिसतेय. आता कोणाच्या तरी चादरी. आता तुझं नाक. मागे घे. अजून थोडं. थांब.”

परातीच्या बुडाशी कोरलेल्या ‘सप्रेम भेट’ या अक्षरांमध्ये एक धुरकट टॉवर येऊन उभा राहिला होता. पण परात सोडली की कलायची. आत्याने बंडोपंतांच्या मांडीवरून कणकेचा लचका तोडला आणि परातीखाली टेकू म्हणून दाबून बसवला. तरीही नेटवर्क येईना.

“आत्या, तूच मध्ये उभी आहेस.”

“हो की. माणसाच्या अंगात पाणी फार,” आत्या बाजूला सरकत म्हणाली. “ते हे तरंग पिऊन टाकतं.”

बंडोपंतांच्या छातीवरचा दिवा हिरवा झाला. कंपनीचं उत्तर आलं: हजेरी नोंदवली. विलंबाचं कारण कळवा.

बंडोपंतांनी बराच वेळ विचार करून लिहिलं: चपात्या.

“आता रोज कणकेचा टेकू लावायचा?” तितिक्षाने विचारलं.

“काही दिवस. आम्ही एक पातळ फलक बनवतोय, त्यावर शेकडो बारीक चौकोन आहेत. फलक जागचा हलत नाही. प्रत्येक चौकोन तरंगाला कमी-जास्त थोपवून सोडतो. लेझीमच्या रांगेत एका टोकाची मुलं आखूड पावलं टाकतात, दुसऱ्या टोकाची लांब, आणि अख्खी रांग वळते ना? तसा अख्खा झोत वळतो. मध्ये कोणी आलं, तर फलक झोताला दुसऱ्या वाटेने वळवेल. त्या पाण्याच्या टाकीवर बसवला, की अख्ख्या गल्लीची सोय होईल.”

“आणि परात?” बंडोपंतांनी विचारलं.

“ती सुटली.”

“चला, या घरात कोणाला तरी सुट्टी मिळतेय,” बंडोपंत म्हणाले. त्यांनी मांडीवरची कणीक बाजूला ठेवली, हात पुसले आणि तितिक्षाची वेणी सोडून नव्याने घालायला घेतली. या वेळी चारपेडी.

रात्री सगळ्यांनी भात खाल्ला.